पिवळ्या पट्टीचं घर

बाई भिंतीवर आपटल्या. आता भिंतीवर आपटण्यात तसं विशेष काही नाही, जगात रोज कुणी ना कुणी आपटतं. पण ही भिंत काल संध्याकाळपर्यंत नव्हती. काल संध्याकाळपर्यंत ती गोदामाच्या सिमेंटच्या जमिनीवर चिकटवलेली दोन बोटं रुंद पिवळी पट्टी होती, आणि गेले कित्येक आठवडे बाई रोज सकाळी हातातल्या कागदात डोकं खुपसून त्या पट्टीवरून खुशाल आरपार जात होत्या. त्यांच्या नाटकमंडळीत नियम असा, की तालमीची जागा पट्ट्यांनी आखली की त्या पट्ट्या म्हणजे भिंतीच. भिंत ओलांडायची नाही, दारातून जायचं. जो चुकून भिंतीतून जाईल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. नियम बाईंनीच केलेला, आणि मोडायच्याही बाईच. मंडळी हसून म्हणायची, बाईंना कुठल्या आल्यात भिंती! तर आज त्या नेहमीसारख्या बाजूच्या दारानं आत शिरल्या, मधल्या खोलीच्या भिंतीतून पलीकडे जायला निघाल्या, आणि कपाळावर असा दणका बसला की चष्मा नाकावरून घसरून ओठावर आला. "अगं आई गं!" त्या एकट्याच ओरडल्या. चष्मा सावरून वर पाहिलं तर समोर एक भलीमोठी उभी पेटी, तिच्यावर दुसरी तेवढीच, दोन्हींवर काचेच्या पेल्याचं चित्र आणि ही बाजू वर म्हणून सांगणारे काळे बाण. तिच्या शेजारी तसलीच जोडी, तिच्याही शेजारी तसलीच. फ्रिज. फ्रिजच फ्रिज. भिंत लांबवर गेली होती आणि काटकोनात वळली होती.

पहिला विचार आला तो सरळसोट रागाचा. आज! नेमकं आजच! कारण आजचा दिवस साधा नव्हता. मंडळीची जुनी तालमीची जागा, एका शाळेचं सभागृह, पाडलं गेल्यापासून बाई छपरासाठी दारोदार फिरल्या होत्या. कुठल्या कुठल्या कार्यालयांत जाऊन गुळगुळीत टेबलांपलीकडच्या माणसांसमोर बसल्या होत्या. ती माणसं 'भागीदारी' हा शब्द असा उच्चारायची, की जणू तोंडात लिमलेटची गोळी आहे. संस्कृती आणि उद्योग, हातात हात, दोघांचाही विकास. बाई मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, यांना आमचं नाटक हवंय की आमच्याबरोबरचा फोटो? शेवटी मालवाहतुकीच्या एका कंपनीनं हे मागचं गोदाम एका हंगामापुरतं दिलं. करार साधा होता. हंगाम संपत आला की कंपनीच्या अध्यक्षबाई स्वतः येऊन तालीम बघतील. पटलं, तर ही शेड कायमची मंडळीची, इथे रंगमंच होईल. नाही पटलं, तर शेडमध्ये पुन्हा माल. आणि मंडळीचं काय, ते करारात लिहिलेलं नसलं तरी बाईंना पाठ होतं. नटांना मालिकांची बोलावणी येतच होती. छप्पर गेलं की महिनाभरात सगळे पांगणार, आणि पंचवीस-तीस वर्षं जमवलेलं बिऱ्हाड मोडणार. त्या अध्यक्षबाई आज दुपारी यायच्या होत्या. आणि शेडमध्ये आजच माल येऊन पडला होता. म्हणजे उत्तर मिळालंच की. बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही यांनी.

बाई तरातरा निघाल्या, सॉरीसाहेबाला गाठायला. सॉरीसाहेब म्हणजे गोदामाचा व्यवस्थापक. वाक्याची सुरुवात सॉरीनं केल्याशिवाय त्याला पुढचं बोलताच येत नसे, म्हणून मंडळीनं ठेवलेलं नाव. पण निघाल्या म्हणजे कुठून निघणार? चार पावलांवर पुन्हा भिंत. मग त्या भिंतीला हात लावत लावत चालू लागल्या, आणि एकाएकी हाताखालून भिंत संपली. माणूस जाईल एवढी फट होती. त्या फटीतून आत गेल्या. उजवीकडे वळल्या. का वळल्या ते त्यांनाच कळलं नाही, पाय आपोआप वळले. पुढे एक अरुंद बोळ होता, बोळात उजेड कमी होता आणि पुठ्ठ्याचा कोरडा वास येत होता. आणि तिथे, त्या बोळात, बाई थबकल्या. हा माल अस्ताव्यस्त पडलेला नव्हता. हे घर होतं. जिथे जिथे पट्टी होती तिथे तिथे भिंत होती, आणि जिथे दारासाठी पट्टी तोडली होती तिथे दार. बाहेरची खोली, मधली खोली, काटकोनात वळणारा बोळ, टोकाला स्वयंपाकघर. नेपथ्यकारानं पट्ट्या लावल्या तेव्हा बाई शेजारी उभं राहून सांगत होत्या, इथे अजून थोडं आत घे, इथे दार, अरे नाही, उघडतं ते आतल्या बाजूला. कागदावर नकाशा नव्हताच. नकाशा बाईंच्या डोक्यात होता, कारण हे घर बाईंचं होतं. त्या सहा-सात वर्षांच्या असताना सोडलेलं, मागाहून पाडलेलं, आता जगात कुठेही नसलेलं. आणि ते समोर उभं होतं. नुसतं उभं नव्हतं, त्यांच्या डोक्याच्या वर उंच गेलं होतं, कारण भिंती लहान मुलीला जेवढ्या उंच वाटतात तेवढ्या उंच झाल्या होत्या. बाईंनी तोंडावर हात धरला.

"सॉरी, बाई, सॉरी! अहो, घात झाला!" सॉरीसाहेब बाहेरून कुठूनतरी ओरडत होता, भिंतींमुळे आवाज आधी डावीकडून आला, मग उजवीकडून. शेवटी तो धापा टाकत बोळात उगवला. "माल पुढच्या शेडला उतरायचा होता. तिकडे जागा नव्हती. पाळी नवी, माणसं नवी, त्यांना कुणी सांगितलंच नाही की इथे नाटक चालतं म्हणून. सॉरी. त्यांनी पट्टी बघितली. आमच्याकडे पिवळी पट्टी म्हणजे माल पट्टीला धरून रचायचा, आणि पट्टी तुटली की तिथे माणसाला जायला वाट सोडायची. तुमच्या माणसानं आमच्याच स्टोअरमधून पट्टी नेली होती ना?"

नेली होती. नेपथ्यकाराची पांढरी पट्टी संपली तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, अरे, माग की त्यांच्याकडे, भागीदार आहेत ना आपले! आणि सगळे हसले होते.

"त्यांनाही नवल वाटलं म्हणे," सॉरीसाहेब सांगत होता. "इतका वेडावाकडा नकाशा कुणी काढला, विचारत होते. पण रचलं. एक दाराची नुसती चौकट उभी होती, कडी लावलेली, तीही हलवली नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी रचलं. सॉरी. मी यंत्र लावतो, दुपारच्या आत सगळं रिकामं करून देतो. मॅडम यायच्या आत. माझी नोकरी जाईल हो नाहीतर."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"सॉरी?"

"काही हलवू नका. मला जरा बघू द्या."

आणि बाई बघायला लागल्या. बघायला म्हणजे चालायला, कारण या घरात एका जागी उभं राहून काही दिसतच नव्हतं. हे त्यांना फार विचित्र वाटत होतं. पट्टीच्या घरात सगळं दिसायचं. बाहेरच्या खोलीत बसलेला नट स्वयंपाकघरातल्या नटीकडे बघून डोळे मिचकावू शकायचा आणि बाई त्याला झापायच्या, की भिंत आहे रे मधे! म्हणायच्या खऱ्या, पण त्यांना स्वतःला ती भिंत कधी दिसली होती? त्यांची खुर्ची पुढ्यात, उंचावर. तिथून सगळं घर एकदम दिसायचं, तळहातावर ठेवल्यासारखं. कोण कुठे आहे, कोण कुणाकडे बघतंय, कुणाच्या मनात काय चाललंय, सगळं त्यांना ठाऊक असे, आणि म्हणूनच त्या बाई होत्या. मंडळीत कुणी वाद घातला तर त्या शांतपणे म्हणत, इथून बघ, मग बोल. त्यावर कुणाचं काही चालत नसे. त्या खुर्चीवर नाकावर माशी बसू न देता त्यांनी मंडळी चालवली, माणसं घडवली, भांडणं मिटवली, जागा मिळवल्या. आता त्या स्वतःच्या घरात भिंतीला हात लावत फिरत होत्या आणि पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते ठाऊक असूनही आधी डोकावून बघत होत्या.

बोळाच्या वळणावर त्या थांबल्या. इथे तर त्यांना थांबायचंच होतं. नाटकाचा शेवट या वळणावरून जन्मला होता. नाटकच काय, बाईंचं सगळंच इथून जन्मलं होतं म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी संध्याकाळी धाकटी इथे उभी होती. धाकटी म्हणजे ती स्वतः, पण बाई मनातल्या मनात तिला नेहमी धाकटीच म्हणत, जशी आई आणि ताई म्हणायच्या. वळणावर उभं राहिलं की एका हाताला बोळातून बाहेरच्या खोलीचं दार दिसे, दुसऱ्या हाताला स्वयंपाकघर. धाकटीनं एका हाताला पाहिलं, तर बाबा दारात वाकून बुटाची नाडी बांधत होते, शेजारी पिशवी. त्यांनी वर पाहिलं, धाकटीला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. खेळात ठेवतात तसं. मग धाकटीनं दुसऱ्या हाताला पाहिलं, तर आई शेगडीपाशी उभी, हातात गाळणी. आईनं मान वर केली. बाबा होते त्याच दिशेला, अगदी सरळ, पाहिलं. क्षणभर पाहतच राहिली. मग मान खाली घालून चहा गाळायला लागली. आणि दाराची कडी वाजली. बाबा परत आले नाहीत. कधीच नाहीत. घरात त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि धाकटीच्या मनात एक गोष्ट पक्की होऊन बसली, की आईनं पाहिलं. पाहिलं आणि जाऊ दिलं. एक शब्द टाकला असता तर ते थांबले असते, पण ती चहा गाळत बसली. पुढे धाकटीची बाई झाली, आईची म्हातारी झाली, ती दुसऱ्या गावी ताईकडे राहायला गेली, आणि फोनवर मायलेकी औषधांबद्दल आणि हवेबद्दल बोलत राहिल्या. या नाटकाचा शेवट तोच होता. नवरा निघून जातो, बायको त्याच्याकडे टक लावून बघते, आणि गप्प राहते. ताईला बाईंनी बजावून ठेवलं होतं, प्रयोगाला आईला आणू नकोस.

वळणावरून बाईंनी एका हाताला पाहिलं. चौकट दिसली. दुसऱ्या हाताला पाहिलं. स्वयंपाकघरातला कट्टा, त्याच्यावर तालमीची विजेची शेगडी. बरोबर. सगळं तंतोतंत बरोबर. इथून दोन्ही दिसत होतं. बाईंना एकीकडे अभिमानसुद्धा वाटला, की एवढंसं पोर असताना पाहिलेलं आपण एका बोटाचीही चूक न करता लक्षात ठेवलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. सहज गेल्या. आईची जागा एकदा बघून यावी म्हणून शेगडीपाशी उभ्या राहिल्या, मान वर केली, आणि समोर पाहिलं.

समोर फ्रिज होता.

बाईंना आधी कळलंच नाही. त्या जरा डावीकडे सरकल्या, जरा उजवीकडे. टाचा उंचावल्या. पेटी, पेटी, पेटी. काचेचा पेला, वर जाणारे बाण. बाहेरची खोली त्या भिंतीपलीकडे होती. दार, चौकट, बूट, पिशवी, बाबा, सगळं भिंतीपलीकडे. त्यांनी हात पुढे करून पुठ्ठ्याला तळवा लावला, थंडगार. भिंत होती इथे. अर्थातच होती! स्वयंपाकघराला भिंत असतेच, कुठल्या घरात नसते? त्यांनीच तर सांगितली होती नेपथ्यकाराला, इथून इथपर्यंत पट्टी मार म्हणून. आणि तिच्यावरून आरपार बघत बसल्या होत्या, कित्येक आठवडे. आठवडे कसले, जन्मभर. दोघंही दिसत होती ती धाकटीला. वळणावर उभ्या असलेल्या एकट्या धाकटीला. तिला दोघं दिसत होती म्हणून तिला वाटलं, त्या दोघांनाही एकमेकं दिसतायत. आईनं मान वर करून पाहिलं ते काय? या भिंतीवर काय होतं? आणि मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घड्याळ. या भिंतीवर घड्याळ होतं, ज्याच्यावर ताईनं तिला किती वाजले ते वाचायला शिकवलं होतं. आईनं घड्याळात पाहिलं होतं. बाबांच्या चहाची वेळ झाली का, ते.

बाईंना रडू आलं नाही. रडू येण्याच्या पलीकडचं काहीतरी आलं, आणि त्याला काय म्हणावं ते त्यांना सुचेना. एखाद्या उंच देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा त्यांचा सगळा जीवच खाली आला. कुणी बांधलं हे? ज्यांना नाटक माहीत नाही, बाई माहीत नाहीत, आई माहीत नाही, अशा माणसांनी पट्टी बघून माल रचला आणि ती घरी निघून गेली. आणि जे पंचवीस-तीस वर्षांच्या तालमींना दिसलं नाही ते त्या भिंतीनं उभ्या जागी दाखवलं. बाईंना वाटलं, आपण गुडघ्यावर बसावं. मग वाटलं, सॉरीसाहेब बघेल आणि सॉरी म्हणेल. म्हणून नुसत्याच उभ्या राहिल्या.

आईचं काम करणारी नटी तेवढ्यात आली. ती दिवसा बँकेत असते, म्हणून तिला बँकवाली म्हणत. आज खास रजा काढून आली होती आणि दारातूनच ओरडत होती, "बाई? अहो, बाई, हे काय झालंय? शोभा झाली की हो आपली! आता कसं व्हायचं?" चुकत चुकत, दोनदा बाहेरच्या खोलीत जाऊन परत येत, ती स्वयंपाकघरात पोचली. गेले काही दिवस या दोघींचं शेवटच्या प्रवेशावरून बिनसलं होतं. बँकवाली गुणी नटी होती, पण ती टक लावून बघण्याची जागा तिला जमत नव्हती. "बाई, मी बघते हो," ती काकुळतीला येऊन म्हणायची, "पण डोळ्यांना काही लागतच नाही." आणि बाई म्हणायच्या, लागत नाही कारण तू बघत नाहीस. तिनं पाहिलंय. तिला सगळं कळलंय. इथून बघ, मग बोल.

"ये," बाई आता म्हणाल्या. "इथे उभी राहा."

बँकवाली शेगडीपाशी उभी राहिली. मान वर केली. तिनं बराच वेळ समोरच्या पेटीकडे पाहिलं आणि मग हळूच बाईंकडे.

"बाई, तिला दिसत नाहीये."

"हो."

"तिला माहीतच नाही तो चाललाय ते."

"हो," बाई म्हणाल्या. "तुझं बरोबर होतं गं. मीच तुला भलतीकडे बघायला लावत होते. आज काही बघू नकोस. तू आपली चहा कर."

"नुसता चहा?"

"नुसता चहा."

नवऱ्याचं काम करणारा दाढीवाला आला, नेपथ्यकार आला, सगळे आले आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. बाईंनी त्यांना धीर दिला नाही की भाषण केलं नाही. दाढीवाल्याला एवढंच सांगितलं, की रोज करतोस तेच कर, घाई करू नको, बूट नीट बांध. नेपथ्यकारानं विचारलं, "पण बाई, पाहुणे बसणार कुठे? कुठूनही काही दिसत नाही." हा प्रश्न खराच होता. आजवर बाईंनी प्रत्येक प्रेक्षकाला आपल्याच खुर्चीवर बसवलं होतं, जिथून सगळं दिसतं तिथे. आज ती खुर्ची फ्रिजच्या मागे कुठेतरी अडकली होती. "स्वयंपाकघरात," बाई म्हणाल्या. नेपथ्यकाराला वाटलं, कपाळावरचा मार डोक्यात गेला. पण तो स्टुलं शोधायला गेला.

अध्यक्षबाई आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात सपाट चपला, बरोबर कंपनीची तीन-चार माणसं. सॉरीसाहेब त्यांच्या मागे असा चालला होता की आता पडतो का मग. इथे मंडळीचं छप्पर पणाला लागलं होतं आणि त्या कधीही तालीम न केलेला शेवट दाखवणार होत्या, तोही न दाखवता. एक मन म्हणत होतं, अजून वेळ आहे, पहिला अंक दाखव, विनोदी आहे, हसतील, सह्या करतील. पण पाय पाहुण्यांना घेऊन बोळात शिरलेसुद्धा. "इथून या. जरा जपून. इथे वळण आहे." ती कोटातली माणसं एकामागून एक, भिंतीला हात लावत, शाळेतल्या मुलांसारखी गुपचूप आली. स्वयंपाकघरात कट्ट्याच्या कडेनं स्टुलांवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. बाई त्यांच्या शेजारी, पेट्यांना पाठ टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या नाटकातलं निम्मी माणसं दिसणार नव्हती.

बँकवालीनं पाणी ठेवलं. मग काही झालं नाही. पाणी तापू लागल्याचा बारीक आवाज येऊ लागला. भिंतीपलीकडे एक कप्पा उघडला, बंद झाला. पावलं. कपड्यांची सळसळ. बँकवालीनं चहाची पूड टाकली, झाकण ठेवलं. पलीकडे काहीतरी जमिनीवर टेकलं, पिशवी असावी. मग बराच वेळ काहीच नाही, नाडी बांधतात तेवढा वेळ. पाहुण्यांतला एक जण मान तिरकी करून भिंतीला कान देत होता. बँकवालीनं गाळणी घेतली, मान वर केली, समोर जरा उंचावर पाहिलं, वेळ बघतात तसं. आणि खाली बघून चहा गाळू लागली. कडी वाजली. कडी तर रोजच वाजते. माणूस दारात जातो, कोपऱ्यापर्यंत जातो, येतो. बँकवालीनं दोन कप भरले, आणि मग जे कुणी लिहिलेलं नव्हतं, बाईंनी सांगितलेलं नव्हतं, ते केलं. तिनं पदराला हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात हाक मारली, "अहो, चहा झाला."

कुणी ओ दिली नाही. बँकवाली थांबली. "अहो," ती पुन्हा म्हणाली, आता जराशी मोठ्यानं, त्रासिक नव्हे, हसऱ्या आवाजात, "गार होईल हं." आणि मग तिनं एका कपावर बशी पालथी घातली, वाफ जाऊ नये म्हणून, आणि दुसरा कप स्वतः घेऊन भिंतीकडे तोंड करून वाट बघत उभी राहिली. कंपनीच्या माणसांतला एक जाडजूड गृहस्थ स्टुलावरून अर्धवट उठला. त्याला तिला सांगायचं होतं. सगळ्यांना सांगायचं होतं, सगळ्यांना कळलं होतं, तिच्याखेरीज. तो तसाच अर्धा उभा राहिला, मग खाली बसला आणि रुमाल काढून नाक शिंकरू लागला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्यांना ती पुसायचंही भान नव्हतं. आईला पहिल्यांदाच पाहत होत्या त्या.

तालीम संपली हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी अध्यक्षबाई उठल्या, कमरेला हात देऊन. भिंतीपाशी गेल्या, एका पेटीवर हलकेच टिचकी मारली.

"हे आमच्या माणसांनी चुकून रचलं?"

"सॉरी, मॅडम," सॉरीसाहेब दारातून म्हणाला. "सॉरी."

"हा माल मंगळवारी निघेल," अध्यक्षबाई बाईंकडे वळून म्हणाल्या. "त्यानंतर रिकाम्या पेट्या चालतील का तुम्हाला? याच उंचीच्या? आत वजन टाकून, पट्टे मारून देऊ. हलणार नाहीत."

बाईंनी जोरात मान डोलावली. सॉरीसाहेबानंच धीर करून विचारलं, "मॅडम, मग शेडचं काय ठरवायचं?"

"शेडचं काय? घर आहे ना त्यात. घर कुठे हलवता आता?" आणि जाता जाता त्या बोळातून म्हणाल्या, "स्टुलं मात्र बरी द्या हो. कंबर गेली माझी."

दाढीवाल्यानं सॉरीसाहेबाला उचलला आणि मंडळीनं मग जो आरडाओरडा केला, तो बाईंना भिंतींपलीकडून ऐकू येत होता. त्यांनी त्यात जायला हवं होतं. छप्पर मिळालं होतं, ज्यासाठी इतके उंबरठे झिजवले ते मिळालं होतं, आणि मंडळी त्यांना हाका मारत होती. पण त्या बोळाच्या वळणावर उभ्या राहिल्या होत्या, मोबाइल हातात घेऊन. ताईनं फोन उचलला. "आईला दे," बाई म्हणाल्या. "काय झालं गं? बरी आहेस ना?" "बरी आहे. दे आईला." मग घासल्याचे आवाज, ताईचं मोठ्यानं "धाकटी आहे, धाकटी!" आणि आईचा श्वास, फोनच्या फार जवळ.

"आई, बाबा गेले त्या संध्याकाळी तू काय करत होतीस?"

हा प्रश्न त्यांच्या घरात कुणी कधी विचारला नव्हता. पण आई बोलली तेव्हा काल घडल्यासारखी बोलली.

"चहा करत होते. दुसरं काय करणार? हाक मारली. दोनदा मारली बघ. वाटलं, कोपऱ्यापर्यंत गेले असतील, येतील. झाकून ठेवला होता." ती थांबली. "मग रात्री ओतून दिला."

बाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

"आणि तू गं?" आई म्हणाली. "तू कुठे होतीस तेव्हा? मला कधी आठवतच नाही तू कुठे होतीस ते."

"बोळात होते, आई. वळणावर. मला दिसले ते जाताना. त्यांनी मला गप्प राहा म्हणून खुणावलं. मला तुम्ही दोघंही दिसत होतात, म्हणून मला वाटलं, तुलाही दिसतंय."

ताईचा आवाज मागून आला, काय म्हणतेय, काय झालं. आणि आईनं तिला गप्प केलेलंही ऐकू आलं. मग ती परत फोनशी आली.

"म्हणजे तुला एकटीलाच दिसलं," आई म्हणाली. "एवढीशी होतीस गं तू. आणि एवढी वर्षं एकटीच घेऊन बसलीस होय?"